ट्रॅक्टरच्या गिअर बॉक्समधील तेल : न बदलता किती काळ चालेल?

ट्रॅक्टर ही आता आपल्या गावांत नवलाईची वस्तू राहिलेली नाही. नांगरणी, चिखलणी, पेरणी, मळणी आणि ऊसवाहतूक ही सर्व कामे त्याच्यावर सोपविली गेली आहेत. इंजिनचे तेल वेळच्या वेळी बदलले पाहिजे, हे बहुतेक ट्रॅक्टरमालक जाणतात व पाळतात. परंतु गिअर बॉक्समधील तेलाविषयी विचारले असता, "ते कमीच झालेले नाही, मग बदलावयाचे कशाला?" असे उत्तर पुष्कळदा मिळते. या समजापायी होणारे नुकसान वर्षानुवर्षे दिसत नाही आणि दिसते तेव्हा ऐन पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहतो. यास्तव या विषयाची माहिती प्रत्येक ट्रॅक्टरमालकास असणे अगत्याचे आहे.

पातळी टिकते, पण गुण टिकत नाही

इंजिनमधील तेलाचा काही अंश जळतो व उरलेले काजळीने काळे पडते. त्यामुळे ते बदलण्याची आठवण आपोआप होते. गिअर बॉक्समध्ये ज्वलन होत नाही. सील गळत नसेल, तर तेथील तेलाची पातळी वर्षभर जवळजवळ तशीच राहते. तथापि पातळी बरोबर असणे हा तेल चांगले असल्याचा पुरावा नव्हे. तेल तीन कारणांनी निकामी होत असते.

पहिले कारण उष्णता. तापलेल्या तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यात आम्ल व चिकट गाळ निर्माण होतो. तेलाचे तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले की ही क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते, असा ठोकताळा आहे. तेलात मिसळलेली झीजरोधक द्रव्येही कामाबरोबर खर्च होत जातात.

दुसरे कारण धातूचा कीस. दंतचक्रे व बेअरिंगे यांची थोडी झीज नेहमीच होते. हा बारीक कीस तेलाबरोबर फिरत राहतो व कानशीप्रमाणे नवी झीज घडवितो.

तिसरे कारण पाणी. कोकणात आणि भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टर पाण्यात चालतो. झिजलेल्या सीलमधून पाणी आत शिरते. जोराच्या फवाऱ्याने ट्रॅक्टर धुताना हवा जाण्याच्या छिद्रातूनही ते जाते. पाणी मिसळलेल्या तेलाचा थर दातांवर टिकत नाही व बेअरिंगांना गंज चढतो.

एकच तेल, चार कामे

आजच्या पुष्कळशा ट्रॅक्टरांत एकच तेल गिअर बॉक्स, डिफरन्शियल, हायड्रॉलिक लिफ्ट व ऑईल ब्रेक या चारही ठिकाणी काम करते. दंतचक्रांमधून निघालेला कीस त्यामुळे हायड्रॉलिक पंपापर्यंत पोहोचतो. पंपाच्या आतील फटी केसाच्या जाडीहूनही अरुंद असतात. तेथे कीस गेला की चरे पडून दाब कमी होतो आणि नांगर उचलण्यास वेळ लागू लागतो. मालकास वाटते की लिफ्टच बिघडली, परंतु दोषाचे मूळ पुष्कळदा जुन्या तेलात असते.

न बदलता किती तास चालेल?

या प्रश्नास सर्व ट्रॅक्टरांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. अनेक उत्पादक सुमारे १००० तासांनी हे तेल बदलण्यास सांगतात. काहींची मर्यादा याहून कमी अथवा अधिक असते. नव्या ट्रॅक्टरच्या पहिल्या बदलाविषयी वेगळी सूचना असू शकते. म्हणून आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. तासांबरोबर वर्षांची मर्यादा दिली असल्यास, जी आधी पुरी होईल ती पाळावी.

हिशेब वर्षांवर न ठेवता तासांवर ठेवावा. घरच्या शेतीपुरता वर्षाला २५० तास चालणारा ट्रॅक्टर १००० तास चार वर्षांत पुरे करतो. भाड्याने १००० तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला तेवढ्यासाठी एकच वर्ष लागते. तासांचे मीटर बंद असल्यास डिझेलच्या नोंदीवरून अंदाज काढता येतो. तासाला सरासरी ४ लिटर डिझेल लागत असेल, तर ४००० लिटर म्हणजे १००० तास होत.

मुदत उलटली म्हणून दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर बंद पडत नाही. तो आणखी कित्येक शे तासही चालेल. पण या जादा तासांची किंमत बेअरिंगे, ब्रेकच्या चकत्या आणि पंप यांच्या आयुष्यातून वसूल होत असते.

मोटारगाड्यांच्या स्वयंचलित गिअर बॉक्सविषयीही हाच वाद आहे. काही मोटार-उत्पादक त्यातील तेल जन्मभर पुरते असे सांगतात. मात्र असे गिअर बॉक्स बनविणारी जर्मनीतील झेड्एफ ही कंपनी आपल्या गिअर बॉक्सचे तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरनंतर किंवा आठ वर्षांत बदलण्याची शिफारस करते. ट्रॅक्टर तर धुळीत, चिखलात व सतत ओढीखाली राबतो. त्याच्या तेलास जन्मभराची हमी कोठून असणार?

तेलाची परीक्षा

महिन्यातून एकदा ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून व लिफ्ट खाली ठेवून गेजची कांडी काढावी आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी आहे असे समजावे. ते ठरल्या तासांची वाट न पाहता बदलावे व पाणी कोठून शिरते ते शोधावे.
२. तेलास जळका वास येत असल्यास ते फार तापलेले आहे.
३. बोटांवर चोळल्यास खरखर लागली अथवा चमकणारे कण दिसले, तर मिस्त्रीस दाखवावे.
४. पातळी वारंवार कमी होत असल्यास कोठेतरी गळती आहे. नुसती भर घालीत राहू नये.

तेल बदलण्याची रीत

थोडे काम करून तेल कोमट झाल्यावर ट्रॅक्टर सपाट जागी लावावा, इंजिन बंद करून हँडब्रेक ओढावा. तेल फार तापलेले नसावे. हात भाजण्याचा संभव असतो. तळाचे सर्व बूच काढावेत. काही ट्रॅक्टरांना असे बूच एकाहून अधिक असतात व एकच काढल्यास जुने तेल आत उरते. बुचाच्या लोहचुंबकावर बारीक काळसर लेप असणे स्वाभाविक आहे. मात्र धातूचे तुकडे सापडल्यास आतील भाग तपासून घ्यावा. जाळी स्वच्छ करावी व फिल्टर नवा बसवावा. आत डिझेल किंवा रॉकेल ओतून धुऊ नये. त्याचा उरलेला अंश नवे तेल पातळ करतो.

पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच तेल भरावे. ऑईल ब्रेकच्या ट्रॅक्टरात साधे ९० नंबरचे गिअर ऑईल घातल्यास ब्रेक आवाज करतात व लिफ्ट मंदावते. मग इंजिन मंद गतीने चालवून लिफ्ट काही वेळा वरखाली करावी, थोडे थांबून पातळी पुन्हा पाहावी. फार वर्षांनी प्रथमच तेल बदलले असल्यास जुना गाळ सुटून येतो. अशा वेळी सुमारे ५० तासांनी फिल्टर पुन्हा तपासावा.

काढलेले तेल ओढ्यात, विहिरीजवळ अथवा बांधावर ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचेल अशी व्यवस्था करावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील ट्रॅक्टरांची यादी करून प्रत्येकापुढे मीटरचे आजचे तास, मागील बदलाचे तास व पुढील बदलाचे तास अशा तीन नोंदी ठेवाव्यात. मृगापूर्वी एकदा व रब्बीच्या पेरणीपूर्वी एकदा ही यादी चाळली, तरी पुष्कळ ट्रॅक्टर हंगामात अडून बसणार नाहीत. मालकांनी हेच आकडे खडूने अथवा रंगाने मडगार्डच्या आतील बाजूस लिहून ठेवावेत, म्हणजे चालक बदलला तरी नोंद हरवणार नाही.

पुष्कळ घरांत ट्रॅक्टर कर्ज काढून आणलेला असतो. हप्ते फिटल्यानंतरही तो कामाचा राहिला, तरच त्या कर्जाचे चीज झाले असे म्हणता येईल. तेल बदलण्याचा खर्च आधी ठरविता येतो व सवडीच्या दिवसांत करता येतो. गिअर बॉक्स उघडण्याचा खर्च मात्र न सांगता येतो आणि तोही वाफसा जात असताना. शेतकरी बंधूंनी आजच मीटर पाहून पुढील बदलाचा आकडा लिहून ठेवावा.