ड्रॅग रेसला निघालात? गाडीआधी पेट्रोलचा कॅन तपासा

दोन महिने गॅरेजवर राबून पोरं बाईक तयार करतात. जेट बदलतात, सायलेन्सर बदलतात, किलो-किलोनं वजन उतरवतात. निघायच्या आदल्या रात्री मात्र पेट्रोल येतं ते फवारणीच्या धुतलेल्या कॅनमधून. तो कॅन टेम्पोत दिवसभर उन्हात पडतो. जिथे इंधनाची तपासणी काटेकोर असते, तिथे असा नमुना नापास होऊ शकतो. लबाडी कुणी केलेली नसते, पण दोन महिन्यांची मेहनत वाया जाते. आणि शर्यतीपेक्षा मोठा धोका म्हणजे हाच कॅन वाटेत पेट घेऊ शकतो.

तपासणी कशासाठी?

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टीवर दोन गाड्यांची थेट झुंज. अंतर बहुधा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. हा खेळ अमेरिकेत वाढला. तिथल्या एनएचआरए या संघटनेची स्थापना १९५१ ची. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत.

बैलगाडा शर्यतीआधी डॉक्टर बैल तपासतात, तसाच हा प्रकार. इंजिनात इंधन जाळायला ऑक्सिजन लागतो. काही रसायनं स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतात. नायट्रोमिथेन त्यातलंच. ते गुपचूप पेट्रोलमध्ये मिसळलं की ताकद वाढते आणि शर्यत बरोबरीची राहत नाही. प्रोपिलीन ऑक्साइडसारखं रसायन तर माणसालाही घातक आहे. एनएचआरएनं त्यावर बंदीच घातली आहे.

तपासतात कसं?

पहिली पद्धत मीटरची. हे मीटर द्रवाचा एक विद्युत गुणधर्म मोजतं, त्याला डायइलेक्ट्रिक म्हणतात. आधी सायक्लोहेक्झेन नावाच्या शुद्ध द्रवात बुडवून मीटर शून्यावर आणतात, मग गाडीतल्या इंधनात बुडवतात. साध्या पेट्रोलचा हा गुणांक साधारण २ असतो. इथेनॉलचा २४-२५, मिथेनॉलचा ३३ च्या आसपास आणि पाण्याचा ८०. त्यामुळे पेट्रोलमध्ये थोडी भेसळ झाली तरी काटा वर सरकतो.

दुसरी पद्धत घनतेची. ही गावाकडच्या माणसाला नवी नाही. पेट्रोल पंपावर काचेच्या नळीत हायड्रोमीटर सोडून घनता बघतात, तेच इथे होतं. पंपावर चलनातल्या आकड्यापेक्षा ३ किलो प्रति घनमीटरहून जास्त फरक चालत नाही. अमेरिकेतल्या सगळ्यात वेगवान टॉप फ्युएल गाड्यांना नायट्रोमिथेन ९० टक्क्यांपर्यंतच वापरता येतं. तो टक्काही घनतेवरूनच पकडतात, कारण नायट्रोमिथेन मिथेनॉलपेक्षा बरंच जड असतं.

याशिवाय ठराविक रसायनं ओळखायला नमुन्यात चाचणीचे द्रव टाकून बघतात.

कोणतं पेट्रोल घ्यायचं?

सगळ्यात आधी शर्यतीची नियमावली वाचा. कुठे पंपावरचंच पेट्रोल चालतं, कुठे यादीतलं ठराविक रेसिंग पेट्रोलच लागतं. समजलं नाही तर आयोजकांना आधीच विचारा.

आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ज्या वर्गात अल्कोहोल चालत नाही, तिथे हे पेट्रोल मीटरवर सरळ सरळ नापास. मित्राच्या गाडीत चाललं म्हणून आपल्या वर्गात चालेलच असं नाही.

ऑक्टेनबद्दल मोठा गैरसमज आहे. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल वेळेआधी पेटू न देण्याचा तो गुण आहे. इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवलं असेल तर जास्त ऑक्टेनची गरज पडते. कंपनीच्या मूळ इंजिनात १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल ओतून बहुतेक वेळा फक्त खिसा हलका होतो. आणखी एक लक्षात ठेवा, अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीनं काढतात. तिथलं ९३ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९८.

काही रेसिंग पेट्रोलमध्ये शिसं असतं. भारतात शिसं असलेलं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद आहे. शिशानं सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर खराब होतो, शरीरालाही ते विष आहे. म्हणून पेट्रोलनं हात धुणं आणि नळी तोंडानं ओढणं या गॅरेजवरच्या दोन्ही सवयी सोडा. मिथेनॉल तर विषारी दारूत माणसं मारतं तेच. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसतही नाही.

कॅनमध्ये पेट्रोल बिघडतं कसं?

झाकण सैल राहिलं की पेट्रोलमधला हलका भाग आधी उडून जातो. उरलेलं पेट्रोल जड होतं, घनता बदलते आणि गाडी सुरू व्हायलाही त्रास होतो. पारदर्शक बाटलीत उजेड लागतो, त्यानंही पेट्रोल खराब होतं.

इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी एका मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात. वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन घटतं आणि तळाचं पाणी इंजिनात जातं. पावसाळ्यात अर्धा भरलेला कॅन महिनाभर ठेवला तर हा धोका जास्त.

जुन्या कॅनमधलं डिझेल, टू-टी ऑइल किंवा औषध कितीही धुतलं तरी पुरतं जात नाही. म्हणून पेट्रोलचा कॅन फक्त पेट्रोलचाच ठेवा. त्यावर कोणतं पेट्रोल आणि कधी भरलं ते लिहा. दोन प्रकारची पेट्रोलं एकत्र करू नका. गाडीची टाकी आधी पूर्ण रिकामी करा आणि मगच शर्यतीचं पेट्रोल भरा. टाकीत राहिलेलं लिटरभर जुनं पेट्रोलही मीटरवर दिसतं.

कायदा काय म्हणतो?

पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं. पण ते घट्ट बुचाच्या भांड्यातच हवं. काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं असेल तर १ लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. या यादीत पाण्याची बाटली नाही आणि प्लास्टिकचा ड्रमही नाही. या विषयावर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

रेल्वेनं पेट्रोल नेणं गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावाच्या रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

भरताना आणि नेताना

कॅन गाडीत ठेवून भरू नका. जमिनीवर ठेवा आणि नोझल कॅनच्या धातूला टेकवून भरा. प्लास्टिकच्या चटईवर किंवा डिकीत ठेवलेल्या कॅनमध्ये स्थिर वीज साठते. एका ठिणगीनं भडका उडतो.

कॅन काठोकाठ भरू नका. २० लिटर पेट्रोल पहाटेच्या २० अंशांवरून दुपारच्या ४० अंशांवर गेलं की सुमारे ४०० मिलिलिटरनं फुगतं. त्याला जागा ठेवा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या विस्तवापर्यंत पोचते. त्यामुळे कॅन घरात नको. चूल, देवघरातला दिवा, इन्व्हर्टर यांच्यापासून दूर, सावलीत आणि हवा खेळती असेल अशा जागी ठेवा.

टेम्पोत कॅन उभा बांधा, ओल्या गोणपाटानं झाका. माणसं बसतात त्या केबिनमध्ये ठेवू नका. सोबत कोरड्या पावडरचा अग्निशामक घ्या. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारू नका, आग पाण्याबरोबर पसरते.

शर्यतीच्या जागी पोचल्यावर आधी तपासणी अधिकाऱ्याकडे जा आणि धावण्याआधीच नमुना तपासून मिळतो का ते विचारा. धाव झाल्यावर नापास होण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. पेट्रोलची पावतीही जपून ठेवा. आणि नमुना चुकलाच तर वाद घालण्याआधी आपला कॅन उघडून बघा.