चेर्नोबिलच्या मातीवर सौरवीज

युक्रेनमधील चेर्नोबिल केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत २६ एप्रिल १९८६ रोजी स्फोट झाला आणि भोवतालची जमीन शेती व वस्तीसाठी बाद ठरली. त्याच भट्टीपासून अवघ्या १०० मीटरवर ऑक्टोबर २०१८मध्ये एक मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प सुरू झाला. येथे खोदकाम केल्यास किरणोत्सारी माती उघडी पडण्याचा धोका. त्यामुळे सुमारे ३,८०० सौर पॅनेल जमिनीत खांब न रोवता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसविण्यात आली. जुन्या केंद्राच्या उच्चदाब वीजवाहिन्या जवळच होत्या, हा मोठाच लाभ. अर्थात, उद्ध्वस्त भट्टीची क्षमता १,००० मेगावॉट होती. त्यापुढे ही वीज किरकोळच. शिवाय पॅनेलमुळे माती शुद्ध होत नाही. तिच्यातील सीझियम-१३७चे प्रमाण निम्मे होण्यासच सुमारे ३० वर्षे लागतात. प्लुटोनियम-२३९ला २४ हजार.