घरातली लक्ष्मी कोणी काढली?

तुमच्या घरी लक्ष्मीचे चित्र असेल. कमळावर उभी, चार हात, वरच्या दोन हातांत कमळे, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. लक्ष्मी अशीच दिसते, असे आपण धरून चालतो. पण हे रूप एका माणसाने काढले आहे. त्यांचे नाव राजा रविवर्मा. जन्म १८४८ सालचा, केरळातल्या किळिमानूर गावचा.

रविवर्मा तैलरंगांनी चित्रे काढत. ही विद्या युरोपातली. तिकडच्या चित्रकारांनी तीन-चारशे वर्षांपूर्वी चर्चसाठी मोठमोठी चित्रे काढली. एका बाजूने उजेड, दुसरीकडे सावली. त्यामुळे चित्रातला माणूस भरीव दिसे, जसा काही समोर उभा! रविवर्मांनी ती रीत आपल्या देवांना लावली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पुराणातली चित्रे काढून घेतली. देवादिकांना पोशाख कोणता द्यावा, हे ठरवण्यासाठी रविवर्मा देशभर हिंडले. पुष्कळ चित्रांत त्यांनी महाराष्ट्रातली साडीच पसंत केली.

पण चित्रे राहिली राजवाड्यात. आपल्या पणजोबांना तिथे कोण जाऊ देणार? ती छापा, म्हणजे लोकांपर्यंत जातील, असे दिवाण टी. माधवरावांनी सुचवले होते. १८९४ साली रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला.

छपाई होई दगडावर. तेलकट हातावर पाणी ठरत नाही, हे तुम्ही जाणताच. सगळी युक्ती तीच. चुनखडीची गुळगुळीत शिळा घ्यायची. तिच्यावर तेलकट शाईने उलटे चित्र काढायचे, शिक्क्यावर अक्षरे उलटी असतात ना, तसे. मग शिळा ओली करायची. शाईचा रूळ फिरवला की शाई तेलकट जागीच धरते, ओली जागा कोरी राहते. वर कागद दाबला की चित्र उठले. एका शिळेतून रंग मात्र एकच. लाल वेगळी, पिवळी वेगळी, निळी वेगळी. तोच कागद प्रत्येक शिळेवर नेमका बसवायचा. जरा सरकला, तर लक्ष्मीचे कुंकू भुवईवर जायचे!

ही चित्रे स्वस्त पडत. गावोगाव गेली. त्या काळी कित्येकांना देवळाची पायरी चढू देत नसत. त्यांच्या कुडाच्या भिंतीवरही लक्ष्मी येऊन उभी राहिली. तिथे अडवायला कोणी नव्हते. मला ही गोष्ट त्या सगळ्या रंगांपेक्षा मोठी वाटते.

लक्ष्मी घरोघर गेली, पण छापखाना कर्जात बुडाला. १९०१ साली तो तिथल्याच जर्मन कारागिराला, फ्रिट्झ श्लायखर यांना, विकावा लागला. त्यांनी तो पुढे चालवला. रविवर्मा १९०६ साली वारले. १९७२ साली छापखान्याला आग लागली.

माझ्या आजीकडे असे एक जुने चित्र होते. खालच्या कडेला बारीक इंग्रजीत छापखान्याचे नाव होते. आजीला अक्षर येत नव्हते. ते देवीचेच नाव समजून ती रोज त्यावरही हळदकुंकू वाही. मी वाचायला शिकलो, तोवर ते पार पुसून गेले होते.