वारा पाठीशी असता : दोन फळ्यांची पारख



बैलबाजारात एखादा नवखा गिऱ्हाईक 'यांतला चांगला बैल कोणता?' असे विचारू लागला, तर जाणता शेतकरी त्याला उत्तर देत नाही. उलट प्रश्न करतो, 'नांगराला हवा, गाडीला हवा, की शर्यतीला?' या उलट प्रश्नात केवढे शहाणपण साठविलेले आहे, हे आम्हांस गेल्या वर्षी एका फळीने शिविले. त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

झाले असे की, आठवीच्या वर्गातील एका मुलाने एक रंगीत चित्र आणून आमच्या टेबलावर ठेविले. चित्रात खवळलेला समुद्र होता, आणि एका लांबट फळीवर एक मनुष्य चक्क उभा राहून, पुरुषभर उंचीचे वल्हे मारीत, लाटेच्या उतारावरून खाली घसरत होता. "सर, ही होडी म्हणावयाची काय?" त्याने विचारले. आमच्या वर्गात मराठी मुले 'होडी' म्हणतात, कानडी घरांतील मुले 'दोणी' म्हणतात, आणि आमच्या कोंकणी घरात 'व्हडें' म्हणतात. परंतु या वस्तूला तीनही शब्द पुरेनात. आमचे बालपण कारवारच्या किनाऱ्यावर गेले. उलांडीच्या होड्या आणि वल्ही आम्ही पाहिलेली होती. तथापि फळीवर उभे राहून समुद्र कापणारा मनुष्य आम्हांसही नवाच होता. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. म्हणून विज्ञानाच्या शिक्षकांचे साह्य घेऊन थोडा अभ्यास केला.

या खेळास 'स्टँड-अप पॅडल' म्हणतात. हवाई बेटांतून तो जगभर पसरला. त्याच्या अनेक प्रकारांपैकी 'डाउनविंड' हा प्रकार विशेष साहसाचा. त्यात वारा पाठीशी घेऊन, वाऱ्याने उठविलेल्या लाटांवर स्वार होत, दूरचा पल्ला गाठावयाचा असतो. हवाईतील मोलोकाई बेटापासून ओआहू बेटापर्यंतची शर्यत सुमारे ५१ किलोमीटरांची असून ती खोल समुद्रातून जाते. अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या खोऱ्यात नदीचा प्रवाह पश्चिमेस वाहतो, आणि उन्हाळ्यात वारा बहुधा पूर्वेस वाहतो. दोहोंच्या झुंजीतून उंच लाटा उठतात, व फळीवाले प्रवाहाविरुद्ध परंतु वाऱ्याच्या संगतीने धावतात. हा खेळ आता आपल्या राज्यासही परका राहिलेला नाही. मंगळूरजवळील ससिहित्लु येथील किनाऱ्यावर मार्च २०२४ मध्ये या खेळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील तन्वी जगदीश हिने परदेशांतील स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले आहे.

आता ही फळी धावते कशी, ते पाहू. कोणतीही होडी पाणी कापू लागली की तिच्या नाळेपाशी, म्हणजे पुढल्या टोकापाशी, एक लाट उठते. वेग वाढेल तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या लांबीइतकी झाली म्हणजे होडी स्वतःच निर्माण केलेल्या दोन माथ्यांमधील खळग्यात अडकते. त्यापुढे वेग वाढविणे म्हणजे चढ चढण्यासारखेच होय. खोल पाण्यातील लाटेचा वेग काढण्याचा सोपा नियम असा : दोन माथ्यांमधील अंतराचे मीटरांत वर्गमूळ काढावे व त्यास साडेचाराने गुणावे, ताशी किलोमीटर मिळतात. शर्यतीची नेहमीची फळी १४ फूट, म्हणजे सुमारे ४.२७ मीटर लांब असते. तिचा चढ ताशी सुमारे ९.३ किलोमीटरांपाशी सुरू होतो. साडेबारा फुटांच्या फळीस तोच चढ ८.८ किलोमीटरांपाशी लागतो. लांब होडी वेगवान का, याचे उत्तर या एवढ्याशा गणितात आहे. सांगलीस कृष्णेत होणाऱ्या शर्यतींच्या होड्या लांब व निमुळत्या का असतात, आणि पुराच्या वेळी लोक ज्या गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडीत, ती गोल काहील जागच्या जागी गरगर का फिरे, हेही यावरून ध्यानी येईल. काहिलीस पुढे नाही, मागे नाही. मग तिला दिशा कोठून असावी?

परंतु लाटेचा स्वार दुसऱ्याच शक्तीवर भिस्त ठेवितो. ज्या लाटांच्या माथ्यांत १४ मीटर अंतर असते, त्या ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने धावतात. ताशी नऊ किलोमीटरांनी जाणाऱ्या फळीस त्या मागे टाकून निघून जाणारच. म्हणून फळीचे मागील टोक लाटेने उचलताच स्वार चार-पाच जोरदार वल्ही मारतो. नाळ उताराकडे झुकते, आणि टेकडीवरून घरंगळणाऱ्या चाकासारखी फळी लाटेबरोबर धावू लागते. तेव्हा आपल्या लाटेचा तो चढही तिला आडवा येत नाही. मात्र उताराच्या तळाशी पुढल्या लाटेची पाठ उभी असते. नाळ तिच्यात घुसली की फळी थबकते आणि स्वार पाण्यात पडतो.

येथून फळ्यांच्या जाती वेगळ्या होतात. संथ पाण्यावरील शर्यतीची फळी अरुंद असते, क्वचित दोन फुटांहूनही कमी. तिचा तळ जवळजवळ सरळ व नाळ पाणी कापणारी असते. लाटांवरील फळी थोडी रुंद असते, म्हणजे उभे राहणाऱ्याचा तोल सांभाळला जातो. तिचा तळ नाळेकडे वर वाकविलेला असतो, आणि नाळेत घनफळ अधिक ठेविलेले असते, म्हणजे ती बुडाली तरी झटकन वर येते. दोहोंच्या तळाशी, माशाच्या परासारखा, एक पर बसविलेला असतो; तो नसेल तर वारा फळीस आडवी करून टाकतो. अलीकडे पाण्याखाली पंख असलेल्या आखूड फळ्याही निघाल्या आहेत. वेग येताच त्या पाण्याच्या वर उचलल्या जातात. त्यांचा विचार निराळा करावयास हवा.

मग यांतील चांगली फळी कोणती? याच प्रश्नाने एकेकाळी इंग्लंडातील विल्यम फ्रूड या अभियंत्यास घेरले होते. १८६७ साली त्याने डार्ट नदीत लहान-मोठ्या नमुना-होड्या ओढून पाहिल्या. एका आकारास त्याने 'रेव्हन', म्हणजे डोमकावळा, असे नाव दिले होते. त्याची टोके अणकुचीदार होती. दुसऱ्यास 'स्वान', म्हणजे राजहंस, हे नाव होते. त्याची टोके बोथट होती. टोकदार होडीच नेहमी श्रेष्ठ, असे त्या काळी पुष्कळ विद्वान समजत. फ्रूडला काय आढळले? मंद वेगात डोमकावळ्यास कमी ओढ लागे. परंतु वेग वाढताच राजहंस सरस ठरे. सर्व वेगांस सर्वोत्तम असा एक आकार नाहीच, हे त्याने मोजून दाखविले. पुढे १८७२ साली टॉर्की येथे असे नमुने तपासण्यासाठी हौद तयार झाला, आणि आज मोठमोठ्या जहाजांचे आकार अशाच हौदांत पारखले जातात.

हौदातील पाणी निदान स्थिर तरी असते. समुद्रावर दोन फळ्या पारखणे त्याहून कठीण. तेथे एकच लाट पुन्हा येत नाही. वारा क्षणोक्षणी बदलतो. स्वार थकतो, किंवा सरावाने तरबेज होतो. हल्ली मनगटावरील घड्याळ उपग्रहांच्या साह्याने वेग मोजते. परंतु घड्याळ वेग सांगते, वेगाचे कारण सांगत नाही. समजा, दुपारी वारा वाढत आहे, आणि त्यामुळे प्रत्येक फेरीस एक मिनिट कमी लागत आहे. पहिल्या फळीने ४० मिनिटे घेतली, दुसरीने ३९. दुसरी श्रेष्ठ, असे आपण म्हणू. पण आता फेऱ्यांचा क्रम पहिली, दुसरी, पुन्हा दुसरी, पुन्हा पहिली असा ठेवा. मिनिटे होतील ४०, ३९, ३८, ३७. पहिलीची सरासरी साडेअडतीस, दुसरीचीही साडेअडतीस! जो फरक दिसला तो फळीचा नव्हता, वाऱ्याचा होता. म्हणून परीक्षकाने क्रम उलटावा, स्वार बदलावेत, वल्हे तेच ठेवावे, आणि एका फेरीवर निकाल देऊ नये.

हे सारे आज आम्ही मोठ्या ऐटीत लिहीत आहो. परंतु ते आम्ही ठेच लागल्यावर शिकलो, हे लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चित्र पाहून उत्साहित झालेल्या दोन मुलांनी हातभर लांबीच्या दोन फळ्या तासून आणल्या. एकाची अरुंद व टोकदार, दुसऱ्याची रुंद व वाकड्या नाळेची. दोघांनीही तळाशी पर बसविले होते, आणि माणसाच्या जागी पत्र्याचा एकेक तुकडा उभा केला होता. ऑगस्टमधील एका शनिवारी, काही पालकांस बरोबर घेऊन, आम्ही गावाबाहेरील तळ्यावर गेलो. वारा पश्चिमेचा होता. पश्चिम काठावरून प्रथम अरुंद फळी तीनदा सोडली, मग रुंद फळी तीनदा. रुंद फळी तिन्ही वेळा लवकर पोहोचली. आम्ही तेथल्या तेथे तिला विजयी ठरविले आणि बक्षीस म्हणून ठेविलेले पुस्तक दुसऱ्या मुलाच्या हाती दिले. पहिला मुलगा काही बोलला नाही. आपली फळी त्याने धोतराच्या पंचाने पुसली आणि पिशवीत ठेविली.

परतीच्या वाटेवर वर्गातील एका मुलीने हळूच विचारले, "सर, मघा वारा एवढा होता का?" आम्ही थबकलो. आलो तेव्हा वडाची पाने नुसती हलत होती. आता फांद्या वाकत होत्या. आम्ही वाऱ्याला बक्षीस दिले होते! त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही. खेळातील निकाल लहान असतो हे खरे; परंतु ज्याच्याविरुद्ध तो जातो त्याला तो लहान वाटत नाही, आणि शिक्षकाचा निकाल तर मुलांस अखेरचा वाटतो.

पुढल्या शनिवारी आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो. या खेपेस क्रम उलटसुलट ठेविला, फळ्या सोडणारी मुले बदलली, आणि वेळ नोंदविणाऱ्यास कोणती फळी येत आहे हे कळू नये म्हणून त्याला पाठमोरे उभे करून दुसऱ्याने केवळ 'आली' असे ओरडावे, अशी योजना केली. वारा मंद असता अरुंद फळी किंचित पुढे राही. वारा वाढून पाण्यावर लहरी उठल्या की तिची नाळ पाण्यात शिरे, आणि रुंद फळी पुढे जाई. सर्व फेऱ्यांची बेरीज केली तेव्हा दोहोंत नाव घेण्याजोगे अंतर उरले नाही. सोमवारी वर्गात आम्ही आमचा पहिला निकाल चुकीचा होता असे सांगितले आणि दुसरे पुस्तक पहिल्या मुलास दिले. विजयी ठरलेला मुलगा हिरमुसेल अशी आम्हांस धास्ती होती. तो उठून म्हणाला, "सर, म्हणजे माझी फळी वाऱ्याची, आणि त्याची शांत पाण्याची." एवढ्या थोड्या शब्दांत हा विषय आम्हांसही सांगता आला नसता.

मित्रहो, तुम्हांपैकी कोणी पुढे समुद्रकिनारी जाऊन खरीखुरी फळी हाती घ्याल, तेव्हा पोहणे आधी शिका, अंगात तरंगते जाकीट घाला, फळीचा दोर पायास बांधा, आणि वाऱ्याच्या भरात एकटे जाऊ नका. कारण पाठीशी असलेला वारा नेतो खरा, परत आणीत नाही. आणि फळीचा व तुमचा कधीच संबंध आला नाही, तरी दोन वस्तूंत, दोन पुस्तकांत, किंवा दोन माणसांत चांगले कोण, असे ठरविण्याचा प्रसंग तुम्हांवर येईलच. तेव्हा बैलबाजारातील त्या शेतकऱ्याचा प्रश्न आधी विचारा : कशासाठी? मग त्या मुलीचा प्रश्न विचारा : वारा दोघांना सारखा होता का? या दोन प्रश्नांची उत्तरे हाती येईपर्यंत निकाल राखून ठेवावा, आणि दिलेला निकाल चुकला असे दिसले तर तो चारचौघांत मागे घेण्यास लाजू नये.