भाषा आली म्हणजे प्रोग्रामिंग आलं?

अलिबागचं महाविद्यालय असो की लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, पहिल्या वर्षाला प्रवेश झाला की पालक विचारतात, “सी शिकवणार की पायथन?” या प्रश्नामागे एक समज असतो: भाषा आली की प्रोग्रामिंग आलं.

प्रोग्रामिंग म्हणजे एखादं काम इतक्या स्पष्ट पायऱ्यांत मांडणं, की यंत्राला ते न अडखळता करता यावं. पायऱ्यांच्या या क्रमाला अल्गोरिदम (कृतिक्रम) म्हणतात. भाषा हे तो क्रम लिहिण्याचं साधन. तांडेल शिडाच्या होडीवरून इंजिनाच्या होडीवर गेला, तरी भरती-ओहोटीची आणि खडकांची जाण त्याच्याबरोबरच जाते, तसंच हे.

भाषेची निवड अगदीच गौण नाही. १९७२च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडवलेली सी संगणकाच्या मेमरीचा कारभार जवळून दाखवते, पण सुरुवातीलाच बरेच नियम पाळायला लावते. १९९१ साली आलेली पायथन थोड्या ओळींत काम भागवते.

नवख्यांची खरी अडचण मात्र दोन्हींत सारखीच. ‘क = क + १’ हे गणितात चूक ठरतं. इथे त्याचा अर्थ असा: ‘क’ या व्हेरिएबलमधली (किंमत ठेवण्याची नाव दिलेली जागा) किंमत घ्या, तीत एक मिळवा आणि पुन्हा तिथेच ठेवा. म्हणून प्रोग्राम चालवण्याआधी प्रत्येक ओळीनंतरची किंमत विद्यार्थ्यांकडून वहीत लिहून घ्यावी. उत्तर चुकलं, तर नेमकं कुठल्या ओळीवर चुकलं, हे त्यांना स्वतःलाच सापडतं. भाषा कोणतीही निवडा, ही सवय पहिल्याच सत्रात लागायला हवी.