बोरचे डोंगर पायी पाहावेत

२०२२ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेसाठी देशभरातले वनकर्मचारी मिळून ६,४१,४४९ किलोमीटर पायी चालले. त्या गणनेत कॅमेरा ट्रॅप ३२,५८८ ठिकाणी लावले होते आणि बातम्यांत गाजले ते कॅमेरेच. पण कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा, हे आधी पायांनीच ठरवलेले असते. आपापल्या बीटमध्ये सलग तीन दिवस, रोज किमान पाच किलोमीटर, नाल्याच्या वाळूतून आणि बैलगाडीच्या वाटेने चालत वनरक्षक पगमार्क, विष्ठा, खोडावरचे नखांचे ओरखडे नोंदवतो. दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर चालून चितळ-सांबर मोजतो. देशात वाघ किती, या प्रश्नाचे उत्तर अशा चालण्यावर उभे असते. पर्यटकाला मात्र तेच जंगल जिप्सीच्या आसनावरून दाखवले जाते, आणि जंगल पाहण्याची दुसरी काही रीत असू शकते हेही आपण विसरत चाललो आहोत. वर्धा जिल्ह्याने ही रीत बदलावी, आणि ती बोरमध्ये बदलावी, असे या लेखाचे म्हणणे आहे. गाभा क्षेत्र पायी पर्यटकांना बंदच राहावे. बफरच्या डोंगरांत मात्र वाटाड्यासोबत, लहान गटाने, दिवसभराची पदभ्रमंती हे बोरच्या पर्यटनाचे मुख्य रूप व्हावे.

बोरच का, हे आकड्यांवरून कळते. सेलू तालुक्यातल्या हिंगणीजवळचे हे जंगल १९७० मध्ये अभयारण्य झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र होते ६१.१० चौरस किलोमीटर. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला तेव्हा ते १३८.१२ चौरस किलोमीटर झाले होते, तरीही बोर देशातला सर्वात लहान व्याघ्र प्रकल्प ठरला. ताडोबा-अंधारीचे नुसते गाभा क्षेत्रच सव्वासहाशे चौरस किलोमीटरचे आहे. एवढ्याशा जागेत ताडोब्यासारखे जिप्सी पर्यटन वाढवायचे म्हटले, तर त्याच त्या रस्त्यांवर त्याच त्या वाघामागे गाड्यांची रांग लावण्यापलीकडे काही हाती लागणार नाही. पुढे बोरला ६७८.१५ चौरस किलोमीटरचे बफर जोडले गेले. म्हणजे गाभ्याच्या जवळपास पाचपट मुलूख बाहेर आहे, आणि त्यात गावे आहेत, शेते आहेत, गुरांच्या वाटा आहेत, सातपुड्याच्या दक्षिणेकडे उतरणाऱ्या टेकड्यांची रांग आहे. बोरचे खरे भांडवल हेच. ते जिप्सीला परवडणारे नाही, पायांना परवडणारे आहे.

या टेकड्या उंच नाहीत. सहाशे मीटरच्या आगेमागे त्यांची मजल संपते. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्याला त्या किरकोळ वाटतील. पण सह्याद्रीत चालणारा माथ्याकडे बघत चालतो, इथे पायाखाली बघत चालावे लागते. काळ्या बेसाल्टच्या पठारावर गवत आणि सालई, उतारावर सागवान, धावडा, ऐन आणि तेंदू, नाल्याकाठी अर्जुन आणि बांबू. उंचीत पन्नास-साठ मीटरचा फरक पडला की झाडोरा बदलतो, आणि हा बदल ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतून लक्षात येत नाही. अस्वलाने उकरलेले वारूळ आतून ओले आहे की कोरडे, यावरून ते काल आले होते की आठवड्यापूर्वी, हे सांगता येते. रोह्यांच्या लेंड्यांचा ढीग वर्षानुवर्षे एकाच जागी का पडतो, हेही तिथे थांबल्यावरच विचारावेसे वाटते. वानराचा खोकल्यासारखा इशारा आणि चितळाची किंचाळी गाईड गाडीतही ऐकवतो, पण तिथे त्या आवाजाला एकच अर्थ उरतो: वाघ कुठे आहे. पायी चालणाऱ्याला तोच आवाज आधी स्वतःची जागा विचारायला लावतो. वारा कुठून येतो आहे, झुडूप किती दाट आहे, परतीची वाट कोणती. जंगलाचे शिक्षण म्हणतात ते इथून सुरू होते. वाघ दिसला नाही म्हणून पैसे वाया गेल्याची तक्रार करणारा पर्यटक आपण जिप्सीच्या दरपत्रकातून घडवला आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

शिवाय या डोंगरांत चालणे नवे नाहीच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, वर्षभर गुरे आणि सरपण, यांसाठी बफरमधली माणसे रोज पायी असतात. महाशिवरात्रीला ढग्याच्या महादेवाला जाणारे भाविकही या जंगलातून चालतात. आणि ज्या जिल्ह्यातल्या पवनारहून निघून विनोबा १९५१ मध्ये तेलंगणात पायी गेले, पोचमपल्लीत भूदान सुरू झाले आणि पुढे तेरा वर्षे देशभर चालणे झाले, त्या जिल्ह्याला पदयात्रेचे महत्त्व कुणी नव्याने सांगावे असे नाही. वाट माहीत असलेली माणसे इथे आहेत. नाही ती त्यांच्या माहितीला दाम देणारी व्यवस्था.

अशी व्यवस्था देशात उभी राहिलेली आहे. केरळच्या पेरियार व्याघ्र प्रकल्पात दालचिनीवर्गीय झाडांची साल चोरून नेणाऱ्या माणसांनाच १९९० च्या दशकात परिसर विकास समितीत संघटित करून जंगलाचे वाटाडे केले गेले. ज्या वाटांनी ते चोरटा माल नेत, त्याच वाटांवर ते पर्यटकांना नेऊ लागले, आणि पर्यटक नसतील त्या दिवशी गस्त घालू लागले. गटात दहाच्या आत पाहुणे, सोबत अनेक वाटाडे आणि एक सशस्त्र वनरक्षक, असा तिथला साधारण साचा आहे. मध्य प्रदेशात सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचे नावच पायी भ्रमंतीमुळे झाले. त्यामुळे कायदा आड येतो, ही सबब फार टिकत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २८ अभयारण्यात पर्यटनासाठी परवाना देण्याची तरतूद करते, आणि २००६ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३८-व्ही बफरचा उद्देशच माणूस आणि वन्यजीव यांचे सहजीवन असा सांगते. सहजीवनाच्या पट्ट्यात बाहेरच्या माणसाने गाडीतूनच वावरावे, असा त्याचा अर्थ लावणे विचित्र आहे.

खरा आक्षेप जिवाच्या धोक्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात, वर सांगितलेल्या खुणांच्या सर्वेक्षणासाठीच चालत असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सोबत वनमजूर होते, अनुभव होता, तरीही. वर्ध्याचा स्वतःचा अनुभव त्याआधीचा आहे. ब्रह्मपुरीकडून पकडून आणलेली एक वाघीण जुलै २०१७ मध्ये कॉलर लावून बोरमध्ये सोडली. ती सुमारे ५०० किलोमीटर हिंडली, माणसांवर हल्ले झाले, गोळी घालण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, आणि ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरीजवळ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने ती मेली. या दोन घटना पायी भ्रमंतीच्या विरोधात पुरावा म्हणून दिल्या जातील. नीट पाहिले तर त्या अटी सांगतात. वनरक्षकाला ठरलेली रेषा पूर्ण करायची असते, परत फिरणे तिच्या कामात बसत नाही. पर्यटकांच्या गटाला कुठलीच रेषा पूर्ण करायची नसते. म्हणून वाटाड्याला कोणत्याही क्षणी, कारण न देता, मागे वळण्याचा अधिकार हवा आणि पैसे परत मागण्याची सोय पर्यटकाला नको. वाघिणीच्या प्रकरणावरून दुसरी अट निघते: पिले असलेली किंवा बिथरलेली वाघीण ज्या पट्ट्यात असेल, तो पट्टा त्या दिवशीच नव्हे, त्या हंगामात बंद.

विदर्भातले बहुतेक बळी कुणाचे असतात, हेही या संदर्भात लक्षात घ्यावे. पहाटे, विखरून, वाकून किंवा बसून मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करणाऱ्यांचे, गुराख्यांचे. वाकलेला माणूस वाघाच्या नजरेला माणसासारखा उभा दिसत नाही. सकाळी उन्हे वर आल्यावर, उभ्याने, एकत्र आणि आवाज करत चालणारा सात-आठ जणांचा गट याहून वेगळा पडतो. धोका शून्य होतो असे मात्र कुणी लिहून देऊ नये. नेपाळच्या चितवनमध्ये पायी जंगलफेरी वर्षानुवर्षे चालते, आणि तिथे गेंड्याच्या हल्ल्यात वाटाडे दगावलेले आहेत. बोरला गेंडे नाहीत, पण अस्वले आहेत, आणि पायी माणसाला अचानक समोर आलेले अस्वल वाघापेक्षा जास्त त्रासाचे. ज्याला ही जोखीम नको, त्याने जिप्सीत बसावे.

दुसरा आक्षेप गर्दीचा. सुट्टीच्या दिवशी हरिहरच्या पायऱ्यांवर आणि कळसूबाईच्या शिड्यांवर काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. बोरचे तसे झाले तर वाघापेक्षा आधी जंगल जाईल. या आक्षेपात माझ्या मते सर्वात जास्त तथ्य आहे. सह्याद्रीत चूक झाली ती वाट मोकळी आणि वाटाड्या ऐच्छिक ठेवल्यामुळे. इथे उलट हवे: वाटाड्याशिवाय वाट नाही, एका वाटेवर दिवसाला एक गट, आणि नोंदणी नागपूर-पुण्याच्या सहल कंपनीकडे न जाता गावच्या समितीकडे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेखाली व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांत ग्राम परिस्थितिकी विकास समित्या आहेतच. त्यांना गॅस जोडण्या आणि सोलर कुंपण वाटण्यापलीकडे हे एक चालते काम मिळेल. जिप्सी विकत घ्यायला भांडवल लागते, म्हणून जिप्सीचे उत्पन्न गावातही मोजक्या घरांत जाते. वाटाड्याला काठी, पाण्याची बाटली आणि प्रशिक्षण पुरते. मोह वेचायला आईबरोबर गेलेली मुलगीही हे काम करू शकते, आणि तिने ते करावे.

हंगामाचा प्रश्न हवामानच सोडवते. वर्ध्याचा मे ४५ अंशांच्या पुढे जातो, पावसाळ्यात गवत माणसाएवढे होते. म्हणजे चालण्याचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमके याच काळात मोह आणि तेंदूचे काम नसते. वन विभागाने येत्या हिवाळ्यात बफरमधल्या दोन वाटा, आठ जणांची मर्यादा आणि पेरियारचा नमुना समोर ठेवून हा प्रयोग सुरू करावा. आणि ज्या वर्धेकरांनी बोरचा वाघ फक्त मोबाईलवर आलेल्या चित्रफितीत पाहिला आहे, त्यांनी पहिली नोंदणी करावी.