आधी ब्रेक, मग डौल

भाच्यानं जुनी जिप्सी घेतली आणि तो गाडी घेऊन थेट आमच्या दारात आला. पेढ्यांच्या पुड्याबरोबर त्यानं एक कागद माझ्या हातात ठेवला. "मामा, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या अंदाजपत्रकांवर सह्या केल्यात. आता एवढ्या एका कागदावर करा."

कागदावर पहिलीच ओळ होती: गाडी दोन इंच उचलणे. पुढे विंच, टपावर दिव्यांची रांग, पोलादी बंपर, इंजिनाला हवा घ्यायला टपापर्यंत गेलेली नळी, मोठे टायर. बेरीज दोन लाखांच्या पुढे गेलेली आणि तिच्याखाली लाल शाईत 'हातातली रक्कम: साठ हजार'.

विहीर न खोदताच पंपाचं कर्ज मागायला येणारे अर्जदार मी शाखेत पुष्कळ पाहिले होते. पंपाचं छापील माहितीपत्रक त्यांच्याजवळ असायचं, रंगही ठरलेला असायचा. पाण्याचं विचारलं की म्हणायचे, "लागेल की साहेब!" भाच्याच्या कागदावर ब्रेक हा शब्द कुठंही नव्हता.

गाडी वाईट नव्हती. जिप्सी आपल्याकडे १९८५च्या अखेरीस आली आणि २०१९मध्ये ती सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. ही १९९८ची, म्हणजे तेराशे सीसीची 'जिप्सी किंग'. वजनानं हलकी, पुढं-मागं पाटे, अखंड अ‍ॅक्सल, साधी यंत्रणा. डोंगरात जायला याहून फार काही लागत नाही. पण पंचवीस वर्षांची गाडी आणि पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस यांच्या बाबतीत बाहेरच्या रंगावर जाऊ नये.

मी सही केली नाही. "एक पाऊस हिला जशी आहे तशी चालवू, मग बोलू," म्हटलं. आषाढात आम्ही वेल्ह्याहून केळदच्या बाजूला निघालो आणि एका ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पठाराकडे जाणाऱ्या बैलगाडीवाटेला लागलो. दोनशे पावलांत गाडी चाकोरीत बसली. टायरांची नक्षी झिजून गोटा झालेली, त्यामुळे चारही चाकांना ताकद मिळत असून ती जागच्या जागी लाल रेंद्यात फिरत राहिली. शेवटी त्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टर आणला. गाडीच्या पुढच्या बंपरला आधीच्या मालकानं कुठल्याशा गॅरेजातून एक भक्कम दिसणारा हूक वेल्डिंग करून घेतला होता. त्याला नायलॉनचा दोर बांधला. दोर ढिला होता, ट्रॅक्टरनं हिसका दिला आणि वेल्डिंग तुटलं.

हूक गेलेला मला दिसलाच नाही. फक्त आवाज ऐकला. ट्रॅक्टरच्या मडगार्डाला मूठभर खोल पोचा पडला होता आणि त्यापासून हातभर अंतरावर शेतकऱ्याचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा उभा होता. कुणी काही बोललं नाही. मुलाच्या बापानं त्याला बखोटीला धरून बांधापलीकडे नेऊन उभं केलं, परत आला आणि म्हणाला, "आता दुसरीकडं कुठं बांधायचं ते सांगा." माझ्या हाताला सुटलेली थरथर चहा प्यायलो तरी थांबली नव्हती.

परतीच्या वाटेवर भाच्यानं तो कागद खिशातून काढला आणि फाडला. नवा कागद आम्ही दोघांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर केला.

त्यात पहिला खर्च उस्तादाकडचा. चाळीस वर्षं जीपगाड्यांखाली घालवलेल्या या गृहस्थांनी पुढची चाकं जॅकवर घेऊन हातानं वर-खाली हलवून दाखवली. किंगपिनची बेअरिंगं खिळखिळी, सीलमधून ग्रीस गळून चाकाच्या आतल्या बाजूला काळा लेप. मागचे ब्रेक ड्रमचे. ड्रममध्ये चिखल शिरला की तो बाहेर पडत नाही, आतल्या आत शूज खात बसतो. रबरी होज कडक होऊन चिरलेले, रेडिएटर अर्धा चोंदलेला. चढावर पहिल्या गिअरमध्ये रांगताना गाडीला वारा लागत नाही, तेव्हा इंजिन तापतं ते तिथंच. या सगळ्याचे सतरा हजार झाले. बाहेरून पाहणाऱ्याला गाडीत काडीचाही फरक दिसत नव्हता आणि भाच्याला त्याचंच दुःख.

दुसरा खर्च टायरांचा. मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे चार, अठ्ठावीस हजार. मोठे का नाहीत, यावर आमचा वाद झाला. चाकाचा घेर वाढला की गिअर लांब पडतात, म्हणजे चढावर ताकद घटते. ब्रेकवर ताण येतो. शिवाय स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागतो. गाडी उचलण्याचंही तसंच. पुढं लांब शॅकल घालून उंची वाढवण्याचा स्वस्त मार्ग गॅरेजवाले सुचवतात, पण त्यानं पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन बदलतो, स्टिअरिंग सरळ राहायला कुरकुरतं, आणि मुळातच अरुंद-उंच गाडीचा तोल आणखी वर जातो.

टायरांबरोबर हवा मोजायचं मीटर आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेतला, साडेतीन हजारांत. माझ्या मते सगळ्या यादीत कमी पैशात जास्त गुण देणारी वस्तू हीच. मऊ जमिनीवर आम्ही हवा अठ्ठावीसवरून अठरावर आणतो. टायर पसरतो, जमिनीला जास्त जागेवर टेकतो आणि जिथं रुतायचा तिथून चालत निघतो. फार उतरवली तर मात्र टायर रिमवरून सुटतो, आणि डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरायची. कंटाळा करून तशीच पळवली तर टायर तापतो आणि फाटतो.

तिसरा खर्च, ज्याच्यासाठी खरं तर कागद फाडला होता. चासीला जाड नट-बोल्टांनी बसवलेले ओढण्याचे हूक, पुढं एक आणि मागं एक. ज्यावर भारक्षमता ठोकलेली आहे असे दोन शॅकल. आणि एक रुंद पट्टा. सात हजार. नायलॉनचा दोर ताणला की शक्ती साठवतो. टोकाचं लोखंड सुटलं तर ते गोफणीतल्या दगडासारखं जातं. आता ओढताना पट्ट्यावर ओलं पोतं टाकतो, म्हणजे तुटलाच तर खाली पडतो. पट्ट्याच्या दीडपट लांबीच्या आत कुणालाही उभं राहू देत नाही. मुलांना तर मुळीच नाही.

चौथा खर्च सहाशे रुपयांचा. चालून तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. चार दिवसांनी तेल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं दिसतं. अ‍ॅक्सलच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉनेटपर्यंत नेली की हे टळतं. टपापर्यंतची नळी लावून ओढ्यात छातीभर पाण्यात शिरण्याची हौस आम्ही सोडून दिली. पेट्रोल इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर त्याच्या कितीतरी आधी भिजतो.

पोलादी बंपराचं काय झालं? तो कायद्यानं निकालात काढला. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रानं राज्यांना असे बंपर लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. पंधरा वर्षांवरची गाडी दर पाच वर्षांनी आरटीओसमोर उभी करावी लागते. तिथं टपावरच्या दिव्यांचं कौतुक होत नाही. अपघात झालाच तर विमा कंपनी हेच कागद उघडते.

एक गोष्ट फुकट होती आणि ती आम्ही सर्वात उशिरा शिकलो. जिप्सीचे पुढचे हब खाली उतरून हातानं फिरवावे लागतात, मग आत फोर व्हील टाकायचं. आम्ही रुतल्यावर चिखलात गुडघे टेकून हब शोधत होतो. वाट खराब दिसली की आधी उतरायचं, चालत पुढं जाऊन यायचं, हब फिरवायचे, हवा कमी करायची. या पायी फेरीत कधी असंही ठरतं की गाडी इथंच ठेवू. सड्यावर फुलं आलेली असली किंवा कुणाचं भात लावलेलं असलं, तर ते ठरवायला फार वेळ लागत नाही.

साठ हजारांतले तीन हजार नऊशे उरले. भाच्याला त्यात एक तरी दिवा हवा होता. पण ताई, म्हणजे त्याची आई, पहिल्यांदा गाडीत बसायला आली ती नऊवारीत, आणि तिचा पाय काही केल्या वर पोचेना. "यादीत माझं काय आहे रे?" तिनं विचारलं. बाजूची पायरी लावावी तर ती दगडाला पहिली अडकणार. भाचा माझ्याकडे पाहू लागला.

तुळशीबागेतून एकशे ऐंशी रुपयांचं घडीचं स्टूल आणलं. ते मागच्या सीटखाली पट्ट्याशेजारी असतं.